'म्हणे' कुठे बसतं? एका सिस्टरच्या इंग्रजी वाचनाचं प्रकरण

मिरजेहून रात्रपाळी संपवून त्या घरी न जाता सरळ सांगलीला माझ्याकडे आल्या. अतिदक्षता विभागात नऊ वर्षं काढलेल्या सिस्टर. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे नर्सिंग इंग्रजीतून. पिशवीतून त्यांनी आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, निकालाची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. श्रवण ७, संभाषण ७, लेखन ६, वाचन ६. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी व्हायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ लागतात, लेखनात ६.५. "लेखनाचं नंतर बघू, मॅडम," त्या म्हणाल्या. "वाचन का अडतंय तेवढं सांगा. मला सगळं कळतं आणि तरी उत्तरं चुकतात."

हे वाक्य मी खूप विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे, आणि ते मी कधीच झटकून टाकत नाही. कळतं असं माणूस म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला काहीतरी कळलेलंच असतं. काय कळलं आणि काय निसटलं, हे शोधणं माझं काम. पुढचे अकरा आठवडे आम्ही ते केलं. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, ते इथे मांडते आहे, कारण त्यांची अडचण मराठीतून इंग्रजीकडे गेलेल्या पुष्कळ वाचकांची आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

गळती कुठे होती

पहिल्या दिवशी पूर्ण सरावपत्रिका सोडवून घेतली. या परीक्षेच्या ॲकॅडमिक प्रकारात वाचनाला ६० मिनिटांत तीन उतारे आणि ४० प्रश्न असतात. तिन्ही उतारे मिळून २,१५० ते २,७५० शब्द. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण २३ उत्तरं बरोबर आली की ६ बँड मिळतो, म्हणजे निकालात ६ येतात, ३० आली की ७. सिस्टरांची २४ आली. म्हणजे आणखी सहा उत्तरं हवी होती. ऐकायला थोडी वाटतात, पण ती कुठून आणायची हे माहीत नसेल तर महिने जातात.

उताऱ्यांप्रमाणे गुण वेगळे काढले तेव्हा चित्र लगेच दिसलं. पहिल्या उताऱ्यात १३ पैकी ११. दुसऱ्यात १३ पैकी ८. तिसऱ्यात १४ पैकी ५. पहिला उतारा माहितीचा होता: एखादी गोष्ट कशी घडते, कशी बनते, कुणी शोधली. तिसरा मताचा. ॲकॅडमिक परीक्षेत निदान एक उतारा तरी सविस्तर युक्तिवादाचा असतो, आणि तो बहुधा शेवटी, डोकं थकलेलं असताना समोर येतो.

शब्दांची कमतरता हे कारण नव्हतं. दोनशे पानी वही त्यांनी शब्दार्थांनी भरली होती. आधीच्या एका क्लासमध्ये त्यांना शिकवलं होतं की उतारा वाचू नका, प्रश्नातला कीवर्ड उताऱ्यात शोधा आणि त्याच्या आजूबाजूचं वाक्य वाचून उत्तर लिहा. माहितीच्या उताऱ्यात ही युक्ती बऱ्यापैकी चालते. मताच्या उताऱ्यात ती घात करते, कारण कीवर्ड सापडतो तो नेमका दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी.

आपलाच हात

दुसऱ्या भेटीला मी एक छोटा उतारा स्वतः लिहून नेला. विषय त्यांच्या रोजच्या कामातला घेतला: अतिदक्षता विभागात नातेवाइकांना कधीही येऊ द्यावं का? सुरुवात अशी होती: "इट इज ऑफन सेड दॅट व्हिजिटर्स ब्रिंग इन्फेक्शन इनटू द वॉर्ड. देअर इज सम ट्रुथ इन धिस." मग दोन वाक्यं सोडून: "बट द हँड्स दॅट टच द पेशंट मोस्ट ऑफन आर नॉट द व्हिजिटर्स हँड्स."

खाली विधान दिलं: संसर्गाचं मुख्य कारण नातेवाईक आहेत असं लेखकाला वाटतं. येस, नो की नॉट गिव्हन, म्हणजे उताऱ्यात त्याबद्दल काहीच नाही?

त्यांनी 'येस' लिहिलं. कशावरून, असं विचारल्यावर पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय की, मॅडम."

लिहिलं होतंच. मी उत्तर सांगितलं नाही. कागद पालथा घातला आणि म्हटलं, "सिस्टर, हा उतारा विसरा. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगता ना, तसं हे मला मराठीत सांगा."

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नातेवाईक इन्फेक्शन आणतात म्हणे. बरं, थोडंफार खरंही आहे. पण पेशंटला दिवसभरात सगळ्यात जास्त हात कुणाचा लागतो? आपलाच." आणि तिथेच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे 'नो' की हो!"

मला त्या क्षणी फार आनंद झाला, कारण दुखणं सापडलं होतं. मराठीत सांगताना त्यांनी न शिकवता 'म्हणे' घातलं होतं. ते वाक्य लेखकाचं नाही, हे त्यांच्या मनाला कळलं होतं. इंग्रजीत वाचताना मात्र सगळी वाक्यं एकाच उंचीवर उभी होती. छापलंय म्हणजे लेखक म्हणतोय, असा हिशेब.

'म्हणे' हा आपल्या भाषेतला लहानसा शब्द फार मोठं काम करतो. "त्यांची बदली झाली" आणि "त्यांची बदली झाली म्हणे" यांत बातमी एकच, पण दुसऱ्या वाक्यात बोलणारा जबाबदारी घेत नाही. इंग्रजीत असा एकच सुटसुटीत शब्द नाही. तिथे हेच काम दहा ठिकाणी वाटलेलं आहे: 'इट इज ऑफन सेड', 'सम बिलीव्ह', 'क्रिटिक्स क्लेम', 'सपोजेडली', 'सो-कॉल्ड', 'वी आर टोल्ड दॅट'. सिस्टरांना या सगळ्यांचे अर्थ पाठ होते. हे सगळे मिळून एकच 'म्हणे' आहेत, हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही एक सवय लावली. मताच्या उताऱ्यातलं प्रत्येक वाक्य वाचून झालं की मनात शेवटी 'म्हणे' लावून बघायचं. बसलं तर समासात 'म्ह' लिहायचं. बसत नसेल आणि सुरुवातीला 'माझ्या मते' बसत असेल तर 'मी'. दोन्ही बसत नसतील, नुसती घडलेली गोष्ट असेल, तर रेघ. पहिले पंधरा दिवस प्रश्न सोडवायला दिलेच नाहीत. फक्त समास भरायचे.

पूर्वपक्ष लांबतो तेव्हा

तिसऱ्या आठवड्यात अडचण आली. 'म्हणे' पहिल्या वाक्यात दिसायचं, पण त्यापुढची दोन-तीन वाक्यं त्या 'मी' म्हणून टिपायच्या. कारण उघड होतं. इंग्रजी लेखक एकदा 'क्रिटिक्स क्लेम' म्हणतो आणि पुढे विरोधकांचीच बाजू मांडत राहतो, दर वाक्याला परत 'क्रिटिक्स' म्हणत नाही.

इथे मी जुना शब्द काढला: पूर्वपक्ष. आपल्याकडच्या शास्त्रीय वादाची रीतच अशी की आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडायचं, तेही लंगडं करून नाही, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. मग खंडन. मग आपला सिद्धान्त. चांगला अग्रलेखही पुष्कळदा याच वाटेने जातो. मी त्यांना मराठी वर्तमानपत्रातले तीन अग्रलेख कापून दिले आणि एवढंच सांगितलं की पूर्वपक्ष जिथे संपतो तिथे आडवी रेघ मारा. तिन्ही ठिकाणी रेघ बरोबर पडली. इंग्रजीत तीच रेघ 'बट', 'येट', 'हाऊएव्हर' यांच्या आधी पडते, आणि कधीकधी जोडशब्द नसतोच, नुसता एक छोटा प्रश्न असतो: "इज धिस रियली सो?" तोपर्यंत पहिल्या 'म्हणे'ची सावली सगळ्या वाक्यांवर आहे असं धरायचं.

मराठी अग्रलेख वापरण्याबद्दल मला काही सहकाऱ्यांनी टोकलं. इंग्रजी शिकवताना मराठी कशाला, असा त्यांचा आक्षेप. माझा अनुभव उलटा आहे. युक्तिवाद ओळखण्याची शक्ती या बाईंकडे आधीच होती, मातृभाषेत कमावलेली. ती दाराबाहेर ठेवून फक्त शब्द पाठ करून घेणं म्हणजे त्यांचे आणखी सहा महिने वाया घालवणं होतं.

एका ठिकाणी मात्र मराठीच आड आली. सरावातलं एक वाक्य होतं: "द न्यू रूल इज साउंड, ऑल्दो इट विल कॉस्ट मनी." लेखक नियमाच्या बाजूने की विरुद्ध? सिस्टर म्हणाल्या, विरुद्ध, शेवटी खर्चाचंच बोलतोय. मराठीत आपण 'जरी खर्च होणार असला, तरी नियम योग्य आहे' असं म्हणतो. 'जरी' आधी, 'तरी' नंतर, आणि वजन 'तरी'वर, म्हणजे वाक्याच्या शेवटाला. कान त्याला सरावलेला असतो. इंग्रजीत 'ऑल्दो'चा तुकडा वाक्याच्या शेवटीही येतो, तेव्हा वजन पहिल्या तुकड्यावरच राहतं. हे त्यांना एकदाच दाखवावं लागलं. 'ऑल्दो' किंवा 'व्हाइल' दिसलं की वाक्य मनात जरी-तरीमध्ये उलटून घ्यायचं आणि 'तरी'वालं लेखकाच्या नावावर टाकायचं. ह्या एका गोष्टीने तिसऱ्या उताऱ्यातली निदान दोन उत्तरं सुधारली असं मला वाटतं.

माहितीचा उतारा, आणि सिस्टरांनी मला शिकवलेलं

पहिल्या उताऱ्यात ११ येत होते म्हणून मी तिकडे कमी लक्ष दिलं होतं. चौथ्या आठवड्यात इग्नाझ सेमेलवाइस यांच्यावरचा माहितीपर उतारा घेतला तेव्हा कळलं की तिथेही एक भोक आहे.

गोष्ट व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातली. तिथे प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. १८४७ मध्ये सेमेलवाइस यांचे सहकारी याकोब कोलेच्का शवविच्छेदन करताना सुरी लागून वारले आणि त्यांच्या शरीरात बाळंतज्वरासारख्याच खुणा सापडल्या. शवविच्छेदन करून आलेल्या हातांवरून काहीतरी बाळंतिणींपर्यंत जातं, असं सेमेलवाइस यांनी ओळखलं आणि क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये साधारण २ टक्क्यांवर आलं. ह्या 'काहीतरी'ला ते शवकण म्हणत. जंतूंचा सिद्धान्त अजून यायचा होता.

सिस्टर हा उतारा डोळ्यांत पाणी आणून वाचत होत्या. हात धुणं हा त्यांच्या कामाचा श्वास. आणि नेमक्या इथेच दोन उत्तरं चुकली.

पहिलं विधान: सेमेलवाइस यांनी बाळंतज्वर जिवाणूंमुळे होतो हे सिद्ध केलं. त्यांनी 'ट्रू' लिहिलं. आजार जिवाणूंमुळेच होतो, हे त्यांना माहीत. पण उताऱ्यात स्पष्ट लिहिलं होतं की ते शवकणांना दोष देत होते, आणि जंतूंची ओळख नंतर पटली. म्हणजे 'फॉल्स'. दुसरं विधान: सुईणी डॉक्टरांपेक्षा जास्त वेळा हात धुवत. पुन्हा 'ट्रू'. उताऱ्यात सुईणींच्या हात धुण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. सुईणी शवविच्छेदन करत नसत, एवढंच होतं. म्हणजे 'नॉट गिव्हन'.

मी 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन'मधला फरक नेहमीच्या पद्धतीने समजावू लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, "मॅडम, हे आमच्या मेडिसिन चार्टसारखंच आहे का?" आणि कागदावर तीन रकाने काढले. रात्री दोनचा डोस. पहिल्या रकान्यात वेळ आणि सही: दिला. दुसऱ्यात शेरा: बीपी कमी, डोस थांबवला. तिसरा रकाना कोरा. "कोऱ्या रकान्याचा अर्थ दिला नाही असाही घ्यायचा नसतो आणि दिला असाही नाही. डॉक्टरांनी विचारलं तर आम्ही म्हणतो, नोंद नाही."

मी इतकी वर्षं हा फरक शिकवते आहे, पण इतक्या स्वच्छ रीतीने मला तो कधी सांगता आला नव्हता. पहिला रकाना ट्रू. दुसरा फॉल्स, कारण उलट गोष्टीची नोंद आहे. तिसरा नॉट गिव्हन. त्यातच आणखी एक गाठ सुटली. त्यांच्या चार्टवर 'नॉट गिव्हन' असा शेरा मारतात तो डोस दिला नाही ह्या अर्थाने. म्हणजे परीक्षेच्या भाषेत ते 'फॉल्स' झालं. नऊ वर्षं हातात बसलेला शब्द परीक्षेच्या हॉलमध्ये वेगळा अर्थ घेऊन समोर यायचा. त्यांनी मग उत्तरं लिहिताना मनात 'नोंद नाही' हाच शब्द धरला, आणि तो गोंधळ पुन्हा झाला नाही.

आता मी सगळ्या विद्यार्थ्यांना हे तीन रकाने काढून दाखवते.

गुण खाली आले तो आठवडा

चौथ्या आठवड्याच्या शेवटी सरावपत्रिकेत २९ आले. पाचव्या आठवड्यात २६. सिस्टर खचल्या. त्या आठवड्यात तीन रात्रपाळ्या लागून आल्या होत्या हे खरं, पण उत्तरपत्रिका पाहिल्यावर कारण वेगळं निघालं. त्या आता माहितीच्या उताऱ्यातही 'म्हणे' लावत होत्या. "रिसर्चर्स फाउंड दॅट" दिसलं की समासात 'म्ह', आणि मग विधान खरं असूनही उत्तर 'नॉट गिव्हन', कारण "हे लेखक म्हणत नाही, संशोधक म्हणतात."

दोष माझ्या शिकवण्याचा होता. दोन प्रश्नप्रकार जुळ्यासारखे दिसतात, पण विचारतात वेगळं, हे मी पुरेसं ठसवलं नव्हतं. ट्रू-फॉल्सचा प्रश्न विचारतो: उताऱ्यात ही माहिती आहे का? तिथे ती कुणाच्या तोंडून आली ह्याने फरक पडत नाही. येस-नोचा प्रश्न विचारतो: हे लेखकाचं मत आहे का? तिथे तोंड कुणाचं हाच सगळा प्रश्न. म्हणून आधी सूचना वाचायची, 'इन्फर्मेशन' हा शब्द आहे की 'व्ह्यूज' किंवा 'क्लेम्स', आणि मगच 'म्हणे' बाहेर काढायचं.

क्रियापदांची एक छोटी उतरंडही केली. 'शो', 'फाइंड', 'डेमॉन्स्ट्रेट' म्हटलं की लेखक त्या माणसाच्या पाठीशी उभा आहे. 'आर्ग्यू', 'सजेस्ट' म्हटलं की मध्ये उभा आहे, पुढे वाचा. 'क्लेम', 'अलेज' म्हटलं की हात राखून आहे. ती त्यांनी मोबाइलच्या स्क्रीनवर लावून ठेवली.

वेळेचं गणितही तेव्हाच बदललं. पहिल्या, आवडत्या उताऱ्यावर त्या २५ मिनिटं घालवत आणि तिसऱ्याला जेमतेम १४ उरत. आता पहिल्याला १५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला २५. घड्याळ टेबलावर ठेवून. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, शिस्त लागली एवढंच.

सातव्या आठवड्यापासून गुण ३० च्या आसपास स्थिरावले. एकदा ३२ आले. सारांशातल्या रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात त्या शेवटपर्यंत एखाददुसरा गुण घालवत राहिल्या. ठरलेल्यापेक्षा जास्त शब्द लिहायच्या. ते पूर्ण सुटलं नाही.

निकाल, आणि उरलेलं काम

परीक्षा दिली. वाचन ७. श्रवण आणि संभाषण आधीइतकंच. लेखन पुन्हा ६.

फोनवर त्यांचा आवाज एकाच वेळी आनंदाचा आणि हिरमुसलेला होता. मी त्यांना सरावाचे जुने निबंध घेऊन बोलावलं. दोन्ही बाजू मांडा आणि आपलं मत द्या, असा तो नेहमीचा विषय. पहिलाच निबंध वाचताना माझ्या लक्षात आलं की आपण वाचनात जी गाठ सोडवली तीच इथे दुसऱ्या टोकाने पडलेली आहे. सिस्टर विरोधकांची बाजू लिहितात, प्रामाणिकपणे आणि छान लिहितात, पण कुठेही 'म्हणे' घालत नाहीत. "यंग पीपल शुड नॉट लीव्ह देअर कंट्री" असं ठाम वाक्य दुसऱ्या परिच्छेदात, आणि चौथ्यात त्याच्या बरोबर उलट वाक्य, तेवढंच ठाम. वाचणाऱ्याने कुठलं त्यांचं समजायचं?

त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, माझं मत चौथ्यातलं. ते तर उघड आहे ना?"

येत्या शनिवारी त्या पुन्हा येणार आहेत. निबंध माझ्याकडेच आहे. त्याच्या समासात मी पेन्सिलने पाच ठिकाणी एकच प्रश्न लिहून ठेवला आहे: कोण म्हणतं?